शारीराचें पाठांतर

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक नवाच पाठ सुरू झाला. माझ्या भाच्यास वैद्यकाच्या पहिल्या वर्षास प्रवेश मिळाला व तो आमच्याकडे राहावयास आला. ज्या पहांटेच्या वेळीं पूर्वी या घरांत माझे वडील स्तोत्रें म्हणत, त्याच वेळीं आतां त्याच्या खोलींतून हाडांचीं, शिरांचीं व मज्जातंतूंचीं लॅटिन नांवें ऐकूं येऊं लागलीं. चाल तीच, हेल तोच. शब्द तेवढे निराळे. मनगटांतील आठ हाडें अनुक्रमानें ध्यानांत राहावींत म्हणून त्यानें एक वाक्य रचलें होतें. तें घरांतील सर्वांस, स्वयंपाकाच्या बाईंसुद्धां, पाठ झालें: ‘सखूनें लोटा टाकला पाण्यांत, टोपलींत टाकल्या काकड्या हिरव्या.’ या वाक्यांतील प्रत्येक शब्दाचें पहिलें अक्षर म्हणजे एकेका हाडाच्या नांवाचें पहिलें अक्षर: स्कॅफॉइड, ल्यूनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, ट्रपीझियम, ट्रपीझॉइड, कॅपिटेट आणि हॅमेट. मुलाची ही युक्ति मला मोठी आवडली व मीं ती चार मित्रांस कौतुकानें सांगितली.

पुढें दोन महिन्यांनीं त्याची पहिली तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनीं त्याच्या तळहातावर बोराएवढें एक हाड ठेवलें आणि हें कोणतें व कोणत्या हाताचें, एवढेंच विचारलें. मुलानें सखूचें वाक्य मनांतल्या मनांत चार वेळां म्हटलें. वाक्य बिनचूक आलें. पण त्यांतील तीन ‘ट’पैकीं हातावरचा ‘ट’ कोणता, हें सांगण्याची सोय त्या वाक्यांत नव्हती. तो नापास झाला. संध्याकाळीं घरीं येऊन तो न जेवतां बसून राहिला आणि म्हणाला, “मामा, मला हें जमणार नाहीं. माझी स्मरणशक्तीच कमी आहे. आईला तुम्हीच सांगा.”

ज्या मुलास बालपणीं शंभरावर श्लोक मुखोद्गत होते, त्याची स्मरणशक्ति कमी आहे असें मानणें मला शक्य नव्हतें. परंतु त्याला शिकविण्याइतकें शारीरशास्त्र मला येत नाहीं. मी इतिहासाचा अध्यापक. अडचण पडली म्हणजे पूर्वी ती कोणास पडली होती व त्यांनीं काय केलें, हें पाहावयाचें, इतकाच माझा व्यवसाय. म्हणून शारीर पाठ करण्याच्या कामीं मागील पिढ्यांनीं कोणकोणते मार्ग अवलंबिले, याचा शोध मीं त्या रात्रींपासून चालविला. त्यांत जें हातीं लागलें तें भाच्यास उपयोगी पडलें. आणि ज्यांच्या घरीं अशीं मुलें-मुली आहेत त्यांसहि तें उद्बोधक वाटेल, या आशेनें येथें मांडीत आहें.

प्रथम या ओझ्याचें माप घेऊं. प्रौढ मनुष्याच्या देहांत २०६ हाडें असतात, हा आकडा पुष्कळांस ठाऊक असतो. परंतु विद्यार्थ्याला नुसतें हाड ओळखून भागत नाहीं. त्या हाडावरील प्रत्येक खांच, उंचवटा व छिद्र यांस नांव आहे. त्या खांचेंतून जाणाऱ्या रक्तवाहिनीस नांव आहे. आणि उंचवट्यास चिकटणाऱ्या स्नायूस तर नांव, उगम, शेवट व कार्य अशीं चार अंगें आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर एकेका भागास देशोदेशींच्या पंडितांनीं निरनिराळीं नांवें देऊन ठेविल्यामुळें एकूण नांवें सुमारें ५०,००० वर गेलीं होतीं. १८९५ सालीं बासेल येथें भरलेल्या शारीरज्ञांच्या सभेनें त्यांची छाटणी करून ती संख्या ५,००० च्या आसपास आणली. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांवर याहून मोठा उपकार कोणत्याहि सभेनें क्वचितच केला असेल! तरीहि पांच हजार ही संख्या लहान नव्हे.

असलें ओझें उचलण्याचा प्रसंग आला म्हणजे आपल्या देशांतील मनुष्य प्रथम पाठांतराकडे वळतो, आणि तें साहजिकच आहे. ज्या समाजानें वेद हजारों वर्षें मुखानेंच जतन केले, त्याला पाठांतराची लाज वाटण्याचें कारण नाहीं. परंतु आपल्या वैदिकांचें पाठांतर म्हणजे आजची घोकंपट्टी नव्हे, हें आपण विसरतों. संहिता पाठ झाली म्हणजे वैदिकाचें काम संपत नसे. पदें सुटीं करावयाचीं, मग जटापाठांत दोन पदें पुढें, मागें व पुन्हां पुढें म्हणावयाचीं, आणि घनपाठांत तिसरें पद मिळवून तोच उलटसुलट क्रम चालवावयाचा. एकाच दिशेनें जाणारी सांखळी एका कडीशीं तुटली म्हणजे पुढची सारी हातची जाते, हें त्या लोकांनीं ओळखलें होतें. माझ्या भाच्याची सखू एकाच दिशेनें चालत होती. तिला मध्येंच थांबवून ‘तुझ्या टोपलींत काय आहे?’ असें विचारण्याची सोय नव्हती.

आतां सुश्रुताकडे वळूं. प्राचीन वैद्यांत शारीराच्या बाबतींत सुश्रुताचा मान पहिला, असें परंपरा सांगते. त्याच्या शारीरस्थानांत हाडांची संख्या ३०० दिली आहे. चरकाची संख्या ३६०. हे आंकडे आजच्या आंकड्याहून फार मोठे दिसतात, त्याचें एक कारण असें कीं सुश्रुत दांत व कूर्चा हीं हाडांतच धरतो, व चरक तर नखेंहि मोजतो. १९०७ सालीं हर्न्ले या पंडितानें प्राचीन भारतीय अस्थिशास्त्रावर ऑक्सफर्ड येथून एक ग्रंथ प्रसिद्ध करून या मोजणीचा सविस्तर उलगडा केला. मला येथें त्या आंकड्यांच्या खरेखोटेपणाशीं कर्तव्य नाहीं. ते आंकडे शिष्याच्या स्मृतींत कसे बसविले आहेत, हें पाहण्याजोगें आहे. सुश्रुत ३०० हाडांची यादी सरसकट देत नाहीं. एका पायांत ३०, म्हणून दोन पाय व दोन हात मिळून १२०, धडांत ११७, मानेपासून वर ६३, बेरीज ३००. नंतर तींच हाडें तो आकारावरून पांच जातींत विभागतो: कवटीसारखीं पसरट तीं कपाल, दांत तीं रुचक, कोवळीं तीं तरुण, वळणदार तीं वलय आणि पोकळ नळीसारखीं तीं नलक. म्हणजे एकच माल दोन कोठारांत दोन प्रकारांनीं रचून ठेविला. एका दारानें सांपडला नाहीं तर दुसऱ्या दारानें सांपडतो. मर्मांचेंहि तसेंच. एकूण मर्में १०७; तीं मांस, शिरा, स्नायु, अस्थि व संधि यांच्या अनुरोधानें ११, ४१, २७, ८ व २० अशीं एकदां मोजलीं; आणि आघाताच्या परिणामावरून, म्हणजे तत्काळ प्राण घेणारीं, कालांतरानें घेणारीं, शल्य काढतांच घेणारीं, व्यंग आणणारीं व वेदना देणारीं, अशीं १९, ३३, ३, ४४ व ८ पुन्हां मोजलीं. बेरीज दोन्ही वेळां १०७ च येते. शिष्याच्या हातीं ताळा करण्याचें साधन आपोआपच आलें.

पण सुश्रुताचें मोठेपण याच्याहि पलीकडे आहे. अर्थ न समजतां शास्त्र पाठ करणाऱ्यास त्यानें चंदनाचा भार वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे. त्याला भार कळतो, चंदन कळत नाहीं. आणि ज्याला केवळ शास्त्र येतें किंवा केवळ कर्म येतें, तो एका पंखाच्या पक्ष्यासारखा, असेंहि त्याचें म्हणणें आहे. म्हणून शिष्यानें छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड व काकडी यांवर करावा, शीर सोडण्याचा सराव मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर करावा, असें तो सांगतो. शरीराचें अंतरंग पाहण्याची त्याची रीत तर प्रसिद्धच आहे. विषानें किंवा दीर्घ रोगानें न मेलेल्या, अव्यंग देहाचें प्रेत मुंज, कुश अशा गवतांनीं गुंडाळून, पिंजऱ्यांत घालून, वाहत्या पाण्यांत एकांत स्थळीं ठेवावें. सात रात्रींनंतर तें बाहेर काढून वाळा, केस किंवा बांबू यांच्या कुंचल्यानें हळूहळू घांसावें, आणि त्वचेपासून आंतील एकेक थर डोळ्यांनीं पाहत जावा. प्रेत म्हणजे विटाळ, असें मानणाऱ्या समाजांत हें लिहिण्यास किती धैर्य लागलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. डोळ्यांनीं पाहिलेलें आणि शास्त्रांत वाचलेलें, हीं दोन्ही एकत्र आलीं म्हणजेच ज्ञान वाढतें, असा त्याचा निर्वाळा आहे. पुढें दुर्दैवानें शास्त्राचा पंख राहिला व कर्माचा गळाला. संख्या पाठ करणारे वैद्य शतकानुशतकें झाले. कुंचला हातीं घेणारे विरळा झाले.

हें दुर्दैव आपल्याच वांट्यास आलें असें मात्र नाहीं. युरोपांत दुसऱ्या शतकांतील गेलेन या ग्रीक वैद्याचे ग्रंथ सुमारें १३०० वर्षें प्रमाण मानले गेले. गेलेननें शवच्छेदन पुष्कळ केलें. पण तें मुख्यतः माकडांचें व इतर पशूंचें. १३१६ च्या सुमारास बोलोन्या येथें मोंदिनो यानें मनुष्याच्या प्रेताच्या छेदनावर पुस्तक लिहिलें. तथापि त्यानंतर जी पद्धति रूढ झाली ती अशी: प्राध्यापक उंच आसनावर बसून ग्रंथ वाचणार, खालीं एक शस्त्रवैद्य प्रेत कापणार, व तिसरा मनुष्य छडीनें भाग दाखविणार. वाचणारा पाहत नसे आणि कापणारा वाचूं शकत नसे. विद्यार्थी मध्यें उभे राहून ऐकलेलें तेवढें पाठ करीत. खालच्या जबड्याचीं हाडें दोन, असें गेलेननें लिहिलें होतें. जबडा समोर टेबलावर पडलेला, हाड एकच. तरी विद्यार्थी ‘दोन’ असेंच म्हणत! पाठांतराचा डोळ्यांवर इतका अंमल चालतो.

हा अंमल मोडणारा पुरुष म्हणजे आंद्रेआस व्हेसालियस. याचा जन्म ब्रुसेल्स येथें १५१४ सालीं झाला. १५३७ सालीं तो पादुआ येथें प्राध्यापक झाला, आणि १५४३ सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, त्यानें मनुष्यदेहाच्या रचनेवरील आपला प्रचंड सचित्र ग्रंथ बासेल येथें छापविला. उंच आसनावरून, स्वतः कधीं न तपासलेल्या व दुसऱ्यांच्या पुस्तकांतून केवळ पाठ केलेल्या गोष्टी सांगणाऱ्या पंडितांस त्यानें काव काव करणाऱ्या पक्ष्यांची उपमा दिली. ग्रंथाच्या मुखचित्रांत तो स्वतः आसनावरून खालीं उतरून, प्रेतावर हात ठेवून उभा आहे. हा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु मला जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटली, ती त्याच्या विद्यार्थिदशेंतील आहे. पॅरिस येथें शिकत असतां तो व त्याचे सोबती एका जुन्या दफनभूमींत जाऊन तेथें रचलेल्या हाडांच्या राशींत तासन्‌तास घालवीत. पुढें पुढें त्यांचा सराव इतका वाढला कीं ते डोळे बांधून पैजा मारीत. अर्ध्या तासाच्या अवधींत सोबत्यानें कोणतेंहि हाड हातीं द्यावें, आणि केवळ स्पर्शानें तें ओळखावें. हें व्हेसालियसनेंच नमूद करून ठेविलें आहे. शिकवणारे चांगले नव्हते, म्हणून हें करावें लागलें, असेंहि तो सुचवितो.

या ठिकाणीं एक जुनी ग्रीक कथा आठवते. सिमोनिदीस नांवाचा कवि एका मेजवानीस गेला होता. कांहीं निमित्तानें तो बाहेर आला, इतक्यांत घराचें छत कोसळून आंतील सर्व लोक ओळखूं न येण्याइतके चिरडून मेले. कोण कोठें बसला होता हें सिमोनिदीसास आठवत होतें. त्यावरून त्यानें प्रत्येकाचें प्रेत त्याच्या आप्तांस ओळखून दिलें. सिसेरोनें सांगितलेल्या या कथेवरूनच पाश्चात्त्यांची स्मृतिकला निघाली, असें मानतात. तिचें सूत्र एवढेंच कीं जी वस्तु आठवावयाची तिला एक ठाम जागा द्यावी. मनांत एक घर कल्पून त्याच्या खोल्याखोल्यांत वस्तु ठेवाव्या व मग त्या घरांतून फिरावें. वक्त्यांस असें घर कल्पावें लागतें. वैद्यकाच्या विद्यार्थ्यास तें कल्पावें लागत नाहीं, कारण घर त्याच्यापाशींच असतें. तो त्यांतच राहतो! स्वतःच्या आंगठ्याच्या बुडाशीं बोट ठेवलें म्हणजे तेथें ट्रपीझियम आहे. तर्जनीच्या रेषेंत त्याला लागून ट्रपीझॉइड आहे. करंगळीच्या बाजूस मनगटाच्या घडीपाशीं वाटाण्यासारखें टोंचतें तें पिसिफॉर्म. हें एकदां बोटांस कळलें कीं तीन ‘ट’ एकमेकांत मिसळण्याचें कारण उरत नाहीं. मीं हें भाच्यास दाखविलें तेव्हां तो म्हणाला, “हें पुस्तकांत आहे, मामा, पण मीं तें वाचलें होतें, दाबून पाहिलें नव्हतें.”

आपल्याकडे प्रेतास हात लावण्याची मनाई पहिल्यानें मोडली ती कलकत्त्यास. तेथील मेडिकल कॉलेज १८३५ सालीं निघालें व १८३६ सालीं मधुसूदन गुप्त यांनीं शवच्छेदन केलें. हे गृहस्थ संस्कृत पाठशाळेंतील वैद्यकाचे पंडित. शारीरावरील एका इंग्रजी पुस्तकाचें संस्कृत भाषांतर त्यांनीं आधीं केलें होतें. म्हणजे शब्दांचा पंख त्यांना होताच, शस्त्र हातीं घेऊन त्यांनीं दुसरा पंख मिळविला. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचें. त्यांतून १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत पुढें पुराणवस्तुसंशोधक म्हणून गाजलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे होते. याच कॉलेजांत थोड्याच वर्षांनीं एक असा गृहस्थ शारीराचा प्राध्यापक होऊन आला कीं ज्याच्या हातचें काम आज दीडशेंहून अधिक वर्षें जगांतील वैद्यकाचे विद्यार्थी पाहत आले आहेत. आणि तरीहि ज्याचें नांव त्यांतील शेंकडा एकासहि ठाऊक नसेल. त्याचें नांव हेन्री व्हँडाइक कार्टर.

‘ग्रेची अनॅटमी’ हें पुस्तक वैद्यकाशीं संबंध नसलेल्या लोकांसहि ऐकून ठाऊक असतें. तें १८५८ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झालें. मजकूर हेन्री ग्रे याचा. चित्रें सारीं कार्टरचीं. कार्टरचा जन्म १८३१ चा; बाप चित्रकार, त्यामुळें हातांत कला उपजत. लंडनच्या सेंट जॉर्ज इस्पितळांत या दोघांनीं १८५६ व १८५७ या सालीं सुमारें दीड वर्ष एकत्र शवच्छेदन केलें. ग्रेनें लिहिलें व कार्टरनें लांकडी ठोकळ्यांवर कोरण्यासाठीं चित्रें काढलीं. पहिल्या आवृत्तींत एकंदर ३६३ चित्रें होतीं.

या चित्रांत असें काय होतें कीं प्रतिस्पर्धी पुस्तकें मागें पडलीं? सौंदर्याचा भाग सोडून देऊं. कार्टरचीं चित्रें मुद्दाम साधीं आहेत. त्या काळच्या बहुतेक पुस्तकांत चित्रांतील भागांवर बारीक अक्षरें किंवा आंकडे घालीत, व त्यांचा अर्थ चित्राखालीं अथवा दुसऱ्या पानावर देत. विद्यार्थ्याची दृष्टि चित्रावरून यादीकडे व यादीवरून चित्राकडे सारखी हेलपाटे घाली. आणि या येरझाऱ्यांत नांव व जागा यांची गांठ पडतां पडतां सुटे. कार्टरच्या चित्रांत नांव त्या त्या भागावरच लिहिलेलें आहे. धमनीच्या कडेनें धमनीचें नांव तिच्याबरोबरच वळत जातें, आणि हाडावर जेथें स्नायु चिकटतो तेथेंच त्या स्नायूचें नांव येतें. एखाद्या नकाशांत नदीचें नांव नदीच्या ओघाबरोबर लिहावें, तसेंच हें. डोळ्यांनीं भाग पाहिला कीं नांव दिसतें, नांव आठवलें कीं भाग दिसतो. सिमोनिदीसाचें सूत्र कार्टरनें कागदावर उतरविलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. वास्तविक ही केवढी लहान सुधारणा! पण परीक्षेच्या आदल्या रात्रीं दिव्याशीं बसलेल्या मुलाचे हाल ज्यानें स्वतः भोगले आहेत, त्यालाच ती सुचावी.

या कामाचा मोबदला कार्टरला एकदांच १५० पौंड मिळाला. ग्रेला दर हजार प्रतींमागें तेवढेच पौंड मिळावयाचे ठरले होते. मुखपृष्ठाचा कच्चा नमुना तपासतांना कार्टरचें नांव आपल्या नांवाएवढ्या मोठ्या अक्षरांत आहे असें पाहून ग्रेनें तें लहान करण्याची सूचना लिहिली. पुस्तक प्रसिद्ध झालें त्या वर्षीं कार्टर मुंबईस होता. ग्रे १८६१ सालीं, अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, देवीच्या आजारानें वारला. कार्टर येथेंच राहिला. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यानें शारीर शिकविलें. महारोग, पायास होणारा मायसेटोमा नांवाचा रोग आणि उलटून येणारा ज्वर यांवर त्यानें संशोधन केलें. मायसेटोमावरचें त्याचें पुस्तक १८७४ चें व त्या ज्वरावरचें १८८२ चें. १८८८ सालीं तो निवृत्त होऊन स्वदेशीं गेला व १८९७ सालीं वारला. ज्यानें जगाला नांवें लक्षांत ठेवण्याची सोय करून दिली, त्याचें स्वतःचें नांव जग विसरलें. इतिहासांत असला विनोद वारंवार आढळतो. त्यानें हंसूं मात्र येत नाहीं.

आतां अद्यतन शास्त्र या विषयीं काय म्हणतें तें थोडक्यांत पाहूं. स्मृतीचें प्रयोगानें केलेलें मापन एबिंगहाउस या जर्मन पंडितानें १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. अर्थहीन अक्षरसमूह स्वतः पाठ करून ते किती वेळांत किती विसरतात हें त्यानें मोजलें व असें दाखविलें कीं विसरण्याचा वेग आरंभीं फार असतो आणि पुढें मंदावतो. तसेंच एकाच बैठकींत घोकण्यापेक्षां दिवसांचें अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते. अमेरिकेंत २००६ सालीं रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनीं केलेला एक प्रयोग तर प्रत्येक विद्यार्थ्यानें भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा दोनदां वाचला. इतरांनीं एकदां वाचला व मग पुस्तक मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां दोनदां वाचणारे पुढें होते: शेंकडा ८१ विरुद्ध ७५. परंतु आठवड्यानें घेतली तेव्हां आठवून लिहिणाऱ्यांस शेंकडा ५६ भाग आठवला, व दोनदां वाचणाऱ्यांस ४२. तात्पर्य, पुन्हां पुन्हां वाचल्यानें आपणांस येत आहे असें वाटतें. पुस्तक मिटून आठवूं लागलें म्हणजे येत नाहीं तें कळतें, आणि त्या आठवण्याच्या कष्टानेंच तें येऊं लागतें. पॅरिसच्या दफनभूमींत डोळे बांधून बसलेल्या तरुणास हें कोणत्याहि प्रयोगशाळेवांचून उमगलें होतें!

मग सखूचें वाक्य टाकून द्यावें काय? माझ्या मतें नाहीं. घनपाठी वैदिकहि आधीं संहिताच शिकतो. नांवांच्या गर्दींत पहिला धागा हातीं येण्यास असलीं वाक्यें उपयोगी पडतात. इंग्रज विद्यार्थ्यांत तर तीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीं असून त्यांतील पुष्कळशीं चार माणसांत उच्चारण्याजोगीं नाहींत. तीं खुंटीसारखीं आहेत. खुंटीवर अंगरखा टांगावा, खुंटी अंगावर घालूं नये.

या शोधाचा आमच्या घरीं जो उपयोग झाला तो सांगून लेख पुरा करितों. भाच्यानें एका वरच्या वर्गांतील विद्यार्थ्याकडून हाडांचा जुना संच मिळविला होता. माझ्या पत्नीनें एक खादीची पिशवी शिवून दिली. रोज रात्रीं जेवणानंतर मीं पिशवींत तीन-चार हाडें टाकावयाचीं, त्यानें न पाहतां हात घालून नांव, बाजू व चिकटणारे स्नायु सांगावयाचे, व मीं पुस्तक उघडून ताळा पाहावयाचा. पहिल्या रात्रीं पांचांत एक बरोबर आलें. दुसऱ्या आठवड्यांत तो आपल्याच हातावर शाईनें हाडांच्या सीमा काढून कॉलेजांत जाऊं लागला. दिवाळीच्या सुमारास पिशवींत हात घालतांच तो हंसून नांव सांगे, आणि मला पुस्तकांत तें शोधण्यास त्याच्याहून अधिक वेळ लागे. फेरपरीक्षेंत तो उत्तीर्ण झाला.

परंतु त्यापूर्वीं एका रात्रीं एक निराळीच गोष्ट घडली. पिशवींतील एक हाड त्यानें नेहमींप्रमाणें ओळखलें, पण तें बाहेर काढून तो बराच वेळ हातांत धरून बसला. मग म्हणाला, “मामा, हें उजव्या बाजूचें, तिशीच्या आंतल्या माणसाचें, एवढें मला सांगतां येतें. पण हें होतें कोणाचें?” या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि शारीराच्या पुस्तकांत नाहीं, इतिहासांत मात्र आहे, आणि तें सुखद नाहीं. व्हेसालियसनें लूव्हँ शहराबाहेरील वधस्तंभावरून एका गुन्हेगाराचा सांपळा चोरून आणला. एडिंबरो येथें १८२८ सालीं बर्क व हेअर या दोघांनीं शारीराच्या शाळेंत प्रेतें विकण्यासाठीं सोळा खून केले. त्यानंतर १८३२ सालीं इंग्लंडांत कायदा झाला, व बेवारस दरिद्री लोकांचीं प्रेतें शाळांस मिळूं लागलीं. कार्टरचीं चित्रें ज्यांच्या देहांवरून काढलीं, ते लोक बहुधा याच वर्गांतले. मुंबई प्रांतांत असा कायदा १९४९ सालीं झाला. आणि आपला देश तर १९८५ सालीं बंदी होईपर्यंत जगांतील वैद्यकीय शाळांस मानवी सांपळे पुरविणारा प्रमुख देश होता. लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यानें ज्या मांडीच्या हाडावरून नांवें पाठ केलीं, तें बंगाल-बिहारकडील एखाद्या गरिबाचें असण्याचा संभव पुष्कळ होता. ज्यांचें जिवंतपणीं कोणी नांव घेतलें नाहीं, त्यांच्या हाडांवर पांच हजार नांवें लिहिलीं गेलीं. आज पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतून लोक मृत्युपत्र करून आपण होऊन देहदान करीत आहेत, एवढीच या हकीकतींतील समाधानाची बाब आहे.

हें सर्व मीं त्याला सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें तें हाड पुसून पिशवींत ठेविलें व पिशवी, जी आजवर टेबलाखालीं पडून असे, ती उचलून कपाटांत वरच्या फळीवर ठेविली. दुसऱ्या दिवशीं पहांटे नेहमींप्रमाणें पाठ सुरू झाला, पण आवाज पूर्वीपेक्षां हळू होता.

आपल्या घरांतील मुलें मोठमोठ्यानें घोकूं लागलीं म्हणजे आपण अभ्यास चांगला चालला आहे असें समजून निश्चिंत होतों, आणि तीं नापास झालीं म्हणजे त्यांच्या बुद्धीला बोल लावतों. सुज्ञ पालकांनीं दोन्ही गोष्टींची घाई करूं नये. एखादे रात्रीं जवळ बसून पुस्तक आपण धरावें, व मुलांस न पाहतां सांगावयास लावावें. त्यासाठीं आपणांस शारीर येण्याची गरज नाहीं, हें मी स्वानुभवानें सांगूं शकतों.